हुतात्मा एक्स्प्रेस, सोलापूर आणि लेकीचे चार मुद्दे

११ जानेवारी, संध्याकाळ

लेक अकरावीला आहे, आर्ट्सला, इतिहास तिनं हट्टानं घेतलाय. तिला कॉलेजात प्रोजेक्ट मिळालं, पहिल्या महायुद्धाची कारणं. एका रात्री वही बघायला घेतली तर चार मुद्दे लिहिलेले, साम्राज्यवाद, राष्ट्रवाद, लष्करवाद, गुप्त करार, आणि प्रत्येकाखाली चार-चार ओळी. म्हणलं अगं पण नक्की झालं काय? तर म्हणाली, बाबा एवढंच लिहायचं असतं, एवढ्यालाच मार्क आहेत. आता ती चुकीचं काही बोलली नव्हती, पण मला ते बोचत राहिलं, कारण हल्ली रोज रात्री जेवताना टीव्हीवर कुठं ना कुठं इमारती कोसळताना दिसतात आणि आपण भाजी वाढून घेतो. लाखो माणसं एकमेकांना मारायला तयार होतात ते चार मुद्द्यांमुळं होत नाही ना, काहीतरी घडत जातं, कुणीतरी ते घडू देतं.

आत्या सोलापूरला असते, गड्ड्याच्या यात्रेला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, ये म्हणून दरवर्षी फोन करते, मी दरवर्षी टाळतो. यंदा बँकेतून रजा टाकली आणि लेकीला घेऊन निघालो. संध्याकाळी सहाची हुतात्मा एक्स्प्रेस. गाडी सुटल्यावर तिनं विचारलं, हुतात्मा म्हणजे कोणते? म्हणलं उद्याच भेटवतो, उद्या बारा तारीख आहे.

दौंड गेलं, अंधार पडला, खिडकीत आपलेच चेहरे दिसायला लागले. मग मी तिला रेल्वेचीच गोष्ट सांगितली कारण १९१४चं युद्ध खरं तर रेल्वेच्या टाइमटेबलावर चाललं होतं. जर्मनीला दोन बाजूंनी शत्रू, पश्चिमेला फ्रान्स, पूर्वेला रशिया. रशिया मोठा पण सैन्य गोळा करायला त्याला वेळ लागणार, म्हणून जर्मनीचा प्लॅन असा की आधी झपाट्यानं फ्रान्सला लोळवायचं आणि मग पूर्वेला वळायचं. त्यासाठी हजारो गाड्या, कुठली कुठल्या पुलावरून कधी जाणार सगळं कित्येक वर्षं आधी ठरलेलं. १ ऑगस्टला कैसरला, म्हणजे जर्मनीच्या सम्राटाला, वाटलं की इंग्लंड-फ्रान्स कदाचित बाजूला राहतील, म्हणून तो आपल्या सेनापतीला, मोल्टकेला म्हणाला की सगळं सैन्य पूर्वेकडंच नेऊ. मोल्टकेनं सांगितलं जमणार नाही, एवढी लाखोंची फौज ऐनवेळी अशी वळवता येत नाही.

लेक म्हणाली, म्हणजे राजालासुद्धा गाडी थांबवता आली नाही? म्हणलं राजालासुद्धा नाही.

कुर्डुवाडीला चहा घेतला. दहाच्या पुढं सोलापूर. स्टेशनवर मामा आले होते, म्हणजे आत्याचे मिस्टर, त्यांना आम्ही पहिल्यापासून मामाच म्हणतो. वय पंचाहत्तरच्या पुढं पण बॅग माझ्या हातातून ओढून घेतली आणि म्हणाले, "काय म्हणलालंय पुणं तुमचं?"

१२ जानेवारी

सकाळी चार पुतळ्याला गेलो. रिक्षावाल्याला एवढंच सांगायचं, चार पुतळा. हार घातलेले होते, काही संस्थांची माणसं येत होती, शाळेची पोरं रांगेत उभी होती. मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. चौघांना १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी दिली. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा, एक मारवाडी. मामा म्हणाले, "ह्यो आमचा गाव बघ, फासावर पण सगळ्यांना घेऊनच गेला."

लेकीला सगळं सांगितलं. ६ एप्रिल १९३०ला सोलापूर नगरपालिकेवर तिरंगा चढला. मे महिन्यात गांधींना अटक झाली, गावात हरताळ, ८ मेला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात शंकर शिवदारे गेले. मग मंगळवार पेठेची पोलीस चौकी पेटली, पोलीस मारले गेले, आणि पुढं ९, १०, ११ मे असे तीन दिवस गावात इंग्रजांचा अंमलच नव्हता. १२ मेला मार्शल लॉ आला तो जूनअखेरपर्यंत राहिला. पोलिसांच्या खुनाच्या खटल्यात या चौघांना गोवलं, आणि गावानं ते आजपर्यंत मान्य केलेलं नाही.

तिनं ऐकून घेतलं आणि तिथं पुतळ्यासमोर असा प्रश्न विचारला की मी गारच पडलो. म्हणाली, बाबा मग गाव्रिलो प्रिन्सिप, ज्यानं १९१४ला साराएव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाला गोळी घातली, तो पण तसाच ना? तो पण स्वतःच्या लोकांच्या स्वातंत्र्यासाठीच लढत होता ना? मग त्याला युद्ध सुरू करणारा म्हणतात आणि यांना हुतात्मा, असं का?

मला लगेच उत्तर आलं नाही. इथं बोलायलाही नको वाटलं, माणसं हार घालत होती. तिथून चालत किल्ल्याकडं गेलो.

भुईकोट किल्ला, शेजारी सिद्धेश्वर तलाव. आत बाग आहे, जोडपी बसलेली, एक आजोबा पेपर वाचत होते, तटावरून तलावाच्या मधलं देऊळ दिसतं. थंडीतलं ऊन पाठीवर घेत आम्ही तिघं दगडावर टेकलो आणि मी आधी किल्ल्याचीच गोष्ट काढली, कारण ती मला स्वतःलाच फार आवडते. १५२४ साली अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचं लग्न विजापूरच्या आदिलशहाच्या बहिणीशी लागलं आणि हुंड्यात सोलापूर द्यायचं ठरलं. लग्न झालं पण सोलापूर काही दिलं नाही. त्यावरून दोन घराण्यांत पुढची चाळीस वर्षं अधूनमधून लढाया. शेवटी पुढच्या पिढीतल्या हुसेन निजामशहाची लेक चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली तेव्हा हुंडा म्हणून सोलापूर तिकडं गेलं, दोघांची दिलजमाई झाली, आणि लगेच १५६५ला दख्खनचे बहुतेक सुलतान मिळून तालिकोटला विजयनगरवर चालून गेले.

मामा खळखळून हसले, "म्हंजे हुंड्याचं भांडण हाय की हे!" हो, पण मला त्यात दिसतं ते वेगळं. त्या चाळीस वर्षांत सोलापूरच्या कोष्ट्याला किंवा कुणब्याला किल्ला कुणाचा यानं काय फरक पडत होता? सारा इकडं भरायचा का तिकडं भरायचा एवढाच. लढाईत त्याचं शेत जळायचं, तो पळून जायचा, परत यायचा. नगरचा शेतकरी विजापूरच्या शेतकऱ्याचा द्वेष करत बसला नव्हता. भांडण राजांचं होतं, आणि राजांचं होतं म्हणूनच एका लग्नानं मिटलं.

आता १९१४ बघा. तिथं तर राजे आधीच नातेवाईक! इंग्लंडचा पाचवा जॉर्ज आणि जर्मनीचा कैसर हे दोघं राणी व्हिक्टोरियाचे नातू, सख्खे आते-मामेभाऊ म्हणतो तसले. रशियाचा झार जॉर्जचा मावसभाऊ. झार आणि कैसर एकमेकांना विली आणि निकी म्हणून तारा करत होते अगदी शेवटच्या आठवड्यात. २९ जुलैला कैसरची तार वाचून झारनं पूर्ण सैन्य उठवायचा हुकूम मागंसुद्धा घेतला होता. दुसऱ्या दिवशी मंत्री आणि सेनापती त्याच्या मागं लागले, त्यानं परत सही केली. भाऊबंदकीनं काही थांबलं नाही कारण तोपर्यंत भांडण राजांचं राहिलंच नव्हतं. सर्बियाची बेइज्जती म्हणजे रशियातल्या माणसाला स्वतःची बेइज्जती वाटत होती. १८७१ला जर्मनीनं घेतलेले अल्सास-लोरेन हे ज्यानं कधी पाहिलंही नाही अशा फ्रेंच पोराला शाळेत नकाशात दाखवून आपलं म्हणून शिकवलेलं होतं. जर्मनीत तर १८९७ पासून बोललं जात होतं की आम्हालाही सूर्यप्रकाशात जागा पाहिजे, म्हणजे वसाहती पाहिजेत, इंग्लंड-फ्रान्सला आहेत तशा. मग १८९८ला नौदलाचा कायदा, १९००ला दुसरा, इंग्लंडनं १९०६ला ड्रेडनॉट नावाची अशी युद्धनौका पाण्यात सोडली की आधीची सगळी जहाजं जुनी झाली, मग जर्मनीनं पण तसलीच बांधायला घेतली.

आणि या सगळ्यात एक बाब मला फार महत्त्वाची वाटते. इंग्लंड आणि फ्रान्स १८९८ला सुदानमधल्या फाशोडा नावाच्या एका ठाण्यावरून युद्धाच्या काठावर आले होते. सहा वर्षांनी १९०४ला दोघं दोस्त झाले. कसे, तर इजिप्त तुझा, मोरोक्को माझा. इजिप्तच्या आणि मोरोक्कोच्या माणसाला कुणी विचारलं नाही, जसं १५२४ला सोलापूरला विचारलं नव्हतं. मग जर्मनी त्याच मोरोक्कोवरून १९०५ला अडून बसला, १९११ला त्यानं अगादीर बंदरात गनबोट पाठवली, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी माघार घेतली आणि प्रत्येक माघारीनंतर त्या त्या देशातले पेपर आपल्याच सरकारला भित्रं म्हणाले. अशी दहा वर्षं गेली. पुढच्या वेळी माघार घेणारच नाही असं प्रत्येकानं मनाशी पक्कं करून टाकलं, आणि ती पुढची वेळ आली २८ जून १९१४ला, साराएव्होमध्ये.

इथं मला लेकीच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं, निदान मला पटेल असं. प्रिन्सिप १९ वर्षांचा होता, वयामुळं त्याला फाशी झाली नाही, वीस वर्षांची शिक्षा झाली आणि १९१८ला तुरुंगातच क्षयानं गेला. त्याच्या पिस्तुलात जग पेटवायची ताकद कुठून येणार? त्या गावावर ऑस्ट्रियाचा हात होता, शेजारच्या सर्बियाच्या पाठीशी रशिया होता, ऑस्ट्रियाच्या पाठीशी जर्मनी, रशियाच्या पाठीशी फ्रान्स. सोलापुरात १९३०ला पोलीस मेले, चौकी जळली, तीन दिवस राज्य गेलं, पण बाहेरचं एकही साम्राज्य सोलापूरसाठी कुणावर चालून येणार नव्हतं. म्हणून ते इंग्रज आणि आपल्यातच राहिलं. समजा त्या वेळी सोलापूरच्या हद्दीवर दुसरी एखादी बडी सत्ता टपून बसलेली असती तर? ती आमच्या हुतात्म्यांचं नाव घेऊनच आली असती, आणि लाखो मेले असते, आणि या चौघांचा त्यात काडीचा दोष नसता.

लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, म्हणजे राष्ट्रवाद हा मुद्दा दोन ठिकाणी लिहावा लागेल. म्हणलं लिही.

दुपारी घरी कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. आत्या ओरडली, "जेवलालाव का नुसतं बोलत बसलालाव?" आणि खरंच सगळं गार झालं होतं.

१३ जानेवारी, भोगी

आज तैलाभिषेक, नंदीध्वज, म्हणजे देवाच्या मानाच्या काठ्या, गावातून ६८ लिंगांना जाणार, पहाटेपासून रस्त्यात बाराबंदीतली पांढरीशुभ्र माणसं. गर्दी वाढायच्या आत आम्ही भैय्या चौकाकडं सटकलो, डॉ. कोटणीसांच्या घरी. महापालिकेनं त्या घराचं स्मारक केलंय. मला आतून सगळ्यात जास्त ओढ याच जागेची होती, सोलापूरला यायचं ठरवलं तेव्हाच.

द्वारकानाथ कोटणीस. जन्म १० ऑक्टोबर १९१०, याच गावात. मुंबईला जी. एस. मेडिकलला शिकले. पुढचं शिक्षण, प्रॅक्टिस, सगळं समोर होतं. १९३७च्या जुलैत जपाननं चीनशी उघड युद्ध सुरू केलं, डिसेंबरात नानजिंग शहरात जी कत्तल झाली ती जगाला कळली. चिनी सेनापती जू द यांनी नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली, काँग्रेसचे अध्यक्ष तेव्हा सुभाषबाबू होते, त्यांनी डॉक्टरांचं पथक पाठवायचं ठरवलं. पाच जण, अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि आमच्या सोलापूरचे कोटणीस, वय सत्तावीस. १ सप्टेंबर १९३८ला मुंबईहून बोट सुटली. बरोबर एक वर्षानं, १ सप्टेंबर १९३९ला, हिटलर पोलंडमध्ये घुसला.

भिंतीवरचे फोटो लेकीनं एकेक करून बघितले. एका फोटोपाशी ती फार वेळ थांबली, चिनी पद्धतीच्या जाड कोटात कोटणीस आणि शेजारी त्यांची बायको क्वो छिंगलान. दवाखान्याच्या शाळेत शिकवायची ती. १९४१ला लग्न. १९४२च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला, त्याचं नाव यिनहुआ ठेवलं, यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. पाचही डॉक्टरांनी आपल्या चिनी नावाला हुआ जोडून घेतलं होतं. पोरगं साडेतीन-चार महिन्यांचं असताना, ९ डिसेंबर १९४२ला, फिट येऊन कोटणीस गेले. ३२ वर्षं वय. ज्या दवाखान्याचे ते प्रमुख होते त्याला नाव होतं नॉर्मन बेथ्यून यांचं, कॅनडाहून आलेले डॉक्टर, जे ऑपरेशन करताना बोट कापलं आणि रक्तात विष पसरून १९३९ला वारले होते. दोन परके डॉक्टर, दोघं तिथंच मातीत गेले.

आता इथं एक गोष्ट मी लेकीला मुद्दाम सांगितली कारण ती सोपी नाही. १९०५ला जपाननं रशियाला हरवलं तेव्हा आपल्याकडं लोक हरखून गेले होते. एका आशियाई देशानं गोऱ्या साम्राज्याला लोळवलं! आणि त्यात खोटं काही नव्हतं, जपानची सुरुवात भीतीतून झाली होती, पाश्चात्त्य बोटी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, आपला पण हिंदुस्तान होईल ही भीती. त्या भीतीतून त्यांनी कारखाने काढले, सैन्य उभं केलं. पण मग शिकले काय, तर मोठं राष्ट्र व्हायचं म्हणजे दुसऱ्याची जमीन पाहिजे. १८९५ला चीनकडून तैवान, १९१०ला कोरिया गिळला. १९२९च्या मंदीत अमेरिकेनं रेशीम घेणं कमी केलं, जपानी शेतकरी उपाशी मरायला लागला, तेव्हा लष्कर म्हणालं आपल्याला चीनचा मांचुरिया पाहिजे, कोळसा आहे, लोखंड आहे, जागा आहे. १८ सप्टेंबर १९३१ला जपानी सैन्यानं मुकदेनजवळ स्वतःच रेल्वेच्या रुळाखाली स्फोट केला आणि चिन्यांनी केला म्हणून बोंब मारून सगळा मांचुरिया घेतला. टोकियोच्या सरकारला न विचारता! आणि लोकांनी काय केलं? लोक खूश झाले. १९३२च्या मेमध्ये तरुण नौदल अधिकाऱ्यांनी पंतप्रधान इनुकाई यांना त्यांच्या घरात घुसून गोळ्या घातल्या, आणि खटला उभा राहिला तेव्हा हजारो माणसांनी मारेकऱ्यांवर दया करा म्हणून अर्ज पाठवले. त्यानंतर कुठला पंतप्रधान लष्कराला नाही म्हणेल?

लेक म्हणाली, "म्हणजे ज्यांच्यावर अन्याय व्हायची भीती होती तेच अन्याय करायला लागले." मी नुसती मान हलवली. मला खरंच वाटतं की यात सगळ्यात दुखणारी गोष्ट हीच आहे.

आणि कोटणीसांचं बघा. गुलाम देशातला माणूस, स्वतःच्या गावात आठ वर्षांपूर्वी मार्शल लॉ होऊन गेलेला. देशप्रेम त्यांचं कुणापेक्षा कमी नव्हतं, काँग्रेसनं पाठवलं म्हणूनच गेले ना. पण ते प्रेम दुसऱ्याच्या जखमा बांधायला गेलं. मी तिथं उभा राहून हे बोलताना माझा आवाज भरून आला, लेकीनं हात धरला.

दुपारी आत्याकडं भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. मामांनी लगेच विचारलं, "कापड आलं का रं तुझ्या गोष्टीत कुठं?" मामा पंधरा-सोळा वर्षं गिरणीत साचेखात्यात होते, गिरणी बंद पडल्यावर चादरीच्या यंत्रमागावर गेले. त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट कापडाशी जोडलेली वाटते आणि खरं सांगायचं तर यावेळी ते बरोबर होते. सोलापुरातली पहिली गिरणी १८७७ची, जुनी मिल. १९३०च्या काळात जपानी कापड इतकं स्वस्त यायला लागलं की इथल्या गिरण्या हादरल्या. १९३३ला सरकारनं ब्रिटिश सोडून बाकीच्या परदेशी सुती कापडावर ७५ टक्के जकात लावली. त्यावर जपाननं आपला कापूस घेणंच बंद केलं, म्हणजे फटका बसला आपल्या कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला. १९३४ला तडजोड झाली, तुम्ही इतका कापूस घ्या, आम्ही इतकं कापड घेऊ. पण जपानमधल्या लष्करी लोकांना यातून जे पाहिजे होतं ते मिळालं, बघा जगाचे बाजार साम्राज्यवाल्यांनी कुंपण घालून ठेवलेत, आपल्याला आपलं साम्राज्य पाहिजेच. जकात लावताना इंग्लंडला लँकशायरच्या गिरण्या वाचवायच्या होत्या, चीनमध्ये काय होईल याचा विचार कोण करतंय.

संध्याकाळी मामा आम्हाला त्यांच्या ओळखीच्या एका कारखान्यात घेऊन गेले, पूर्व भागात, पद्मशाली मालक, सणामुळं दोनच माग चालू होते. आत गेलं की बोलणं बंद, नुसता खटखटाट, आणि सुताच्या धुळीचा वास. वर जकार्डची पुठ्ठ्याची पट्टी भोकं पाडलेली, ती एकेक पुढं सरकते आणि खाली चादरीवर मोर उमटत जातो. लेक तोंड उघडं टाकून बघत होती. मामांनी तिला वाकून दाखवलं, धोटा एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जातो, मागं बाण्याचा धागा सोडत. मग त्यांनी मागवाल्याला खूण केली, त्यानं धागा तोडला आणि माग ताडकन थांबला. आपोआप. तिथं एक काट्यासारखा छोटा पत्रा असतो, धागा लागला नाही की तो माग बंद पाडतो. मामा तिच्या कानाशी ओरडून म्हणाले, "हे नसलं तर रिकामाच चालतंय, कापडाचं वाटोळं हुतंय!"

बाहेर टपरीवर चहा घेताना मी मामांना १९१४च्या कामगारांची गोष्ट सांगितली, त्यांना माहीत नव्हती. जर्मनीत तेव्हा सगळ्यात मोठा पक्ष कामगारांचा, १९१२च्या निवडणुकीत ११० जागा. फ्रान्सचे, जर्मनीचे सगळे कामगार पुढारी वर्षानुवर्षं परिषदा घेऊन सांगत होते, आम्ही एकमेकांवर गोळ्या झाडणार नाही. फ्रान्सचे जोरेस त्यांचे मोठे पुढारी, शेवटपर्यंत युद्ध थांबवायला धडपडत होते, ३१ जुलैला पॅरिसच्या एका हॉटेलात जेवताना त्यांना एका माथेफिरू राष्ट्रवाद्यानं गोळी घातली. आणि ४ ऑगस्टला जर्मनीच्या त्याच कामगार पक्षानं संसदेत युद्धाच्या पैशाला एकमुखानं हात वर केले.

मामांनी कप खाली ठेवला. "एकमुखानं?" म्हणलं हो. आतल्या बैठकीत काहींचा विरोध होता, पण सभागृहात सगळे एक. मामा म्हणाले, "संपात पण आसंच हुतंय बघ. फुटायचं ठरवून कुणी फुटत नाही. घरी बायको-पोरं म्हणतात, शेजारी म्हणतंय, पेपरात येतंय की तुम्ही गद्दार. मग माणूस जातंय कामावर." नंतर घरी येईपर्यंत ते काही बोलले नाहीत.

१४ जानेवारी, संक्रांत

आज अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेतलं प्रतीकात्मक लग्न. संमती कट्ट्याजवळ जागा मिळावी म्हणून सकाळीच जाऊन बसलो, आत्यानं अक्षता रुमालात बांधून दिल्या होत्या, भगव्या-पिवळ्या. वाट बघता बघता शेजारी बसलेल्या एका बाईंशी बोलणं झालं, त्यांच्या माहेरी साताऱ्याकडं गावात संगमरवराची पाटी आहे, या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, इतके मेले. तशा पाट्या आपल्याकडं गावोगाव आहेत, आपण त्याच्याखाली उभं राहून एसटीची वाट बघतो. त्या युद्धात हिंदुस्तानातून जवळपास १३ लाख माणसं गेली, सुमारे ७४ हजार परत आली नाहीत. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुतच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या, डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६, शेवटी खायला घोडे. का गेली ही माणसं? पगार, पेन्शन, दुष्काळ, घराण्याची रीत. जर्मनीशी त्यांचं काय वाकडं होतं? व्हाइसरॉयनं जाहीर केलं की हिंदुस्तान युद्धात आहे, झालं. १९३९लाही तेच, कुणाला न विचारता. वर १९१७ला हिंदुस्तानच्या तिजोरीतून १० कोटी पौंड इंग्लंडला युद्धासाठी भेट. आणि युद्ध संपल्यावर १९१९ला आपल्याला मिळाला रौलट कायदा.

एवढ्यात नंदीध्वज आले. सात. उंचच उंच काठ्या, कमरेच्या पट्ट्यात तोलून धरलेल्या, एकेक माणूस घामानं निथळत, चारी बाजूंनी दोर धरून बाकीचे सांभाळत. प्रत्येक ध्वजाचा मान वेगळ्या समाजाचा. "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!" असा गजर उठला की अंगावर काटा येतो. संमती, म्हणजे या लग्नाची मंगलाष्टकं, कन्नडमध्ये वाचली गेली, आजूबाजूला मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारे सगळे, आणि एकदम सगळीकडून अक्षतांचा पाऊस. लेकीच्या केसांत, मामांच्या टोपीवर, माझ्या चष्म्यावर. ती हसत होती, ओरडत होती, मी पण ओरडलो. लाखभर माणसांत एका सुरात ओरडताना जे होतं ना आत, ते खरं आहे, मी ते नाकारणार नाही, आणि बर्लिनच्या, पॅरिसच्या, लंडनच्या रस्त्यांवर ऑगस्ट १९१४ला टोप्या उडवणाऱ्या पोरांच्या आतही तेच झालं असणार. तिथं त्यांना पुढं सीमेवर नेलं. इथं तलावाकाठी गूळ-खोबरं, तिळगूळ वाटत माणसं घरी गेली.

रात्री लेक दिव्याखाली वही घेऊन बसली होती. आत्या म्हणाली, "काय लिहिलालीस गं एवढं?" तिनं दाखवलं नाही.

१५ जानेवारी

पहाटे साडेसहाची हुतात्मा परतीची. आत्यानं शेंगाचटणी दिली, दोन किलो, आणि एक चादर, मोराची. मामा प्लॅटफॉर्मवर थंडीत मफलर गुंडाळून उभे राहिले गाडी हलेपर्यंत, खिडकीतून लेकीला म्हणाले, "प्रोजेक्टात मागाचं घाल."

मोहोळच्या पुढं उजाडलं. तिनं वही माझ्याकडं सरकवली. चारही मुद्दे होते, राष्ट्रवाद दोनदा होता. पण त्याच्या आधी एक नवीन पान होतं, त्यावर तक्ता आखलेला, २८ जून ते ४ ऑगस्ट १९१४, आणि वर लिहिलेलं, कोण कोण थांबवू शकलं असतं? पहिल्या रकान्यात ऑस्ट्रिया, मग झार, कैसर, मोल्टके, जोरेस, जर्मनीचा कामगार पक्ष. प्रत्येकापुढं कधी आणि का थांबला नाही ते. झारपुढं लिहिलं होतं, २९ जुलैला थांबला होता, ३०ला नाही. जोरेसपुढं, मारून टाकलं.

शेवटचा रकाना रिकामा होता, नाव पण नव्हतं. मी विचारलं हे कुणासाठी? ती म्हणाली, बाबा पेपर वाचणाऱ्यांसाठी, पण त्यांच्यापुढं काय लिहू ते कळत नाहीये, तुम्ही सांगा. कुर्डुवाडी येईपर्यंत आम्ही दोघं त्यावरच बोलत होतो.